उंच हँडल आणि कुर्ल्याचे मिस्त्री

आमच्या भाच्याला नोकरी लागली आणि सहा महिन्यांच्या आत त्याने जुनी बजाज अ‍ॅव्हेंजर घेतली. पाय पुढे पसरून आरामात बसायची ही गाडी. त्याच्याकडचा प्रकार ‘स्ट्रीट’, म्हणजे हँडल सपाट आणि बुटके. त्याला हवे होते सोळा इंचांचे उंच हँडल, चित्रपटात असते तसे. आपांनी आधी साफ नकार दिला. मग रुसवे-फुगवे झाले, घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलेना. शेवटी आपा म्हणाल्या, “मामू सोबत जात असतील तर जा. आणि मिस्त्री काय म्हणतो, ते ऐकून ये.”

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामा-भाचे फजरनंतर पनवेलहून निघालो. डोक्यावर हेल्मेट, ओठांवर सफरची दुआ. वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर आणि अमर महलवरून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने थेट कुर्ला पश्चिम. पुढे लागतो तो सीएसटी रोड.

सीएसटी म्हटले की कोणालाही व्हीटीचे मोठे स्टेशन आठवते. त्या स्टेशनाशी या रस्त्याचा संबंध नाही. हे नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आले. १९२८ साली ट्रॉम्बेपासून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत एक रेल्वेमार्ग सुरू झाला आणि १९३४ साली बंदही झाला. रूळ गेले, नाव राहिले. आज त्या नावाच्या रस्त्यावर गाड्यांच्या सामानाची दुकाने आहेत. दारात टांगलेली हेल्मेटे, चकचकीत लेगगार्ड, सीट कव्हर, आरसे, सायलेन्सर. जवळूनच मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुर्ला पाण्याखाली गेला होता. इथले जुने कारागीर अजून त्या दिवसावरून काळ मोजतात.

भाच्याने एका दुकानात हँडल पसंत केले. सोळा इंच म्हणजे चाळीस सेंटिमीटर उंच, क्रोमचे, आरशासारखे. पैसे देणार तोच दुकानदार म्हणाला, “आधी मागच्या गल्लीत चाचांना दाखवा. बसलं तर पैसे द्या.”

चाचा साठीचे असावेत. पांढरी दाढी, हाताला ग्रीस. सलाम झाला, चहा आला. त्यांनी जुने हँडल क्लॅम्पमधून सोडवले, बाजूला घेतले आणि नवे नुसते अडकवून भाच्याला म्हणाले, “बस बेटा. दोन्ही मुठी धर.”

भाचा बसला. मुठी खांद्यांच्या वर गेल्या होत्या.

“आता असाच बसून राहा. मी आणि मास्टर चहा पितो.”

चहा संपेपर्यंत भाचा हात खाली घेऊन बोटे झटकू लागला. चाचा हसले नाहीत. म्हणाले, “हात खांद्याच्या वर राहिला की बधिर होतो. बधिर हात ब्रेक कसा दाबणार? आता हँडल डावीकडे शेवटपर्यंत फिरव.” फिरवले तर उजवी मूठ इतकी लांब गेली की भाच्याला कंबरेतून वाकावे लागले. “वळणावर असं वाकलास तर गाडी कोण सांभाळणार?”

मग त्यांनी सुतळी काढली. क्लच वायर इंजिनपासून वर कशी जाते, तिच्या वाटेवरून सुतळी नेली आणि उंच हँडलपर्यंत ताणली. जुनी वायर बरीच आखूड पडत होती. तसेच अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरीचे, पुढच्या डिस्क ब्रेकच्या पाइपाचे आणि दिवे-हॉर्नच्या वायरिंगचे. “हँडल अर्ध्या तासात बसतं, मास्टर. खरं काम या चार गोष्टींचं. लोक हँडल बघतात, या बघत नाहीत. कोणी आखूड पाइप ताणून बसवतो, कोणी वायरी पिळून टेप मारतो. पहिल्या पावसात कळतं.”

इथे आम्हाला एक गोष्ट आठवली. या हँडलांना अमेरिकेत ‘एप हँगर’ म्हणतात, कारण हात वर करून बसलेला माणूस फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा दिसतो. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने अशा गाड्या जगभर नेल्या. त्यातल्या गाड्या घडवण्यामागे क्लिफ वॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे आली नाहीत, पुष्कळ वर्षे ती कोणाला माहीतही नव्हती. चाचांना हे सांगितले. ते म्हणाले, “नाव नसू दे. पाना कोणी फिरवला, ते अल्लाहला ठाऊक असतं.”

मग त्यांनी विचारले, “आरटीओत विचारलंत?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शाळेत मुलांना नियम शिकवणाऱ्या माणसाला ते सुचले नव्हते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदल केल्यास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

चाचांनीच वाट दाखवली. याच गाडीचा ‘क्रूझ’ प्रकार कंपनी उंच हँडलसह विकते. ते हँडल, त्याच्याच मापाच्या वायरी आणि ब्रेकचा पाइप मागवायचा. उंची सोळा इंच नाही, पण मुठी खांद्यांच्या खाली राहतील. भाचा थोडा खट्टू झाला. तरी बोटे अजून चोळत होता, म्हणून हो म्हणाला. क्रोमचे हँडल दुकानात परत गेले.

सामान यायला आठ दिवस लागले. तेवढ्यात भाच्याने कागदपत्रे घेऊन आरटीओत विचारले आणि आपल्या गाडीला हरकत नसल्याची खात्री करून घेतली. (प्रत्येकाने आपापल्या गाडीसाठी विचारावे. आमचे उत्तर तुमच्या कामाचे नाही.)

दुसऱ्या फेरीत चाचांनी बिस्मिल्लाह म्हणून काम सुरू केले. हँडल बसले, वायरी घातल्या, ब्रेकमध्ये नवे तेल भरले, नळीतली हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढली. भाच्याने किल्लीकडे हात नेला. चाचांनी तो धरला. स्वतः इंजिन सुरू केले आणि हँडल हळूहळू डावीकडे टोकापर्यंत नेले. कोणी मूठ पिळली नव्हती, तरी इंजिनचा आवाज चढला.

आम्ही गप्प झालो. अ‍ॅक्सिलरेटरची वायर एका ठिकाणी अडकून ताणली जात होती. गर्दीच्या चौकात यू टर्न घेताना गाडी आपोआप पुढे उसळली असती. चाचांनी सगळे पुन्हा सोडवले, वायर दुसऱ्या बाजूने नेली, पुन्हा बांधली. डावीकडे, उजवीकडे, तीन-तीन वेळा फिरवले. आवाज एकसारखा राहिला. मूठ सोडली की झटकन मागे येते का, तेही पाहिले. तोवर जोहरची अजान झाली. ते म्हणाले, “नमाजनंतर एकदा परत बघतो. मग न्या.” आणि खरोखर परत पाहिले.

मजुरी देताना भाच्याने जास्तीच्या वेळेचे पैसे पुढे केले. चाचांनी ते परत केले. “वायर अडकली ती माझी चूक होती. तिचे पैसे कसले?” जुने हँडल वर्तमानपत्रात गुंडाळून दिले आणि बजावले, “शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट तपासायला ये.”

आम्ही विचार करतो, आपांचा नकार तसाच राहिला असता तर? भाच्याने सोळा इंचांचे हँडल कुठेतरी, कोणाकडून तरी बसवून घेतलेच असते आणि तो चढलेला आवाज त्याला पहिल्यांदा रस्त्यात ऐकू आला असता. तरुण मुलांच्या हौसेला दर वेळी ‘नाही’ म्हणण्यापेक्षा एक दिवस त्यांच्या मागे बसून जावे. मुलाचा जीव ही अमानत आहे. ती सांभाळायला कधी घराबाहेर, कुर्ल्याच्या गल्लीतही जावे लागते.

शंभर किलोमीटर झाल्यावर भाचा बोल्ट तपासायला गेला. या वेळी आम्हाला न्यावे लागले नाही. मागे आपा बसल्या होत्या.