गोगलगायीचे गोत्र

आमच्या धाकट्या बंधूंनी शेतीच्या कामी आमचा सल्ला जन्मात एकदाच घेतला, आणि त्यापायी त्यांचे दोन एकर सोयाबीन गेले. जमीन वडिलोपार्जित, गंगाखेड तालुक्यातली; ती कसतात बंधू, आणि तीवर बोलतो आम्ही.

2022 च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळ्या सोयाबीनचा फडशा पाडला. आमच्या बांधावर त्या साली थोड्याच दिसल्या. बंधूंनी विचारले, "दादा, तुम्ही एवढे वाचता. हे पुढच्या वर्षी वाढेल का?" आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक, परंतु परक्या मुलखात नेलेल्या शंखशिंपल्यांच्या आनुवंशिक वैविध्याविषयी नुकतेच काही वाचले होते, आणि नवे ज्ञान पोटात ठरत नाही.

आम्ही सांगू लागलो. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली बेन्सन नावाच्या शंखवेड्या इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कलकत्त्यास चौरंगीच्या एका बागेत सुटल्या, आणि तेथून ही जात आपल्या देशात पसरली. जगभरच्या गोगलगायींची आनुवंशिक द्रव्ये ताडून पाहणारा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. मूळ भूमीत वैविध्य अधिक. बाहेर मात्र बहुतेक ठिकाणी एकच वंशशाखा बोकाळलेली, असे त्यात आढळले. म्हणजे थोड्या पूर्वजांची ही सारी सगोत्र प्रजा! अशा कुळात एकीला बाधणारा रोग सर्वांनाच बाधावयाचा. काही बेटांवर तर ही गोगलगाय अतोनात वाढून पुढे आपोआप ओसरल्याचेही नमूद आहे. "तेव्हा स्वस्थ राहा," आम्ही म्हणालो, "हे कुळ आपणच बुडेल."

बंधू स्वस्थ राहिले. पुढल्या वर्षी पेरा उगवून पहिली पाने वर आली, आणि चार-पाच रात्रींत दोन एकरांत नुसते खुंट उरले. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागले. बंधू एक शब्द बोलले नाहीत. आमच्या भावजयीने मात्र चहाचा पेला पुढे ठेवताना एवढेच म्हटले, "दादा, गोत्र एक निघालं, पण पोटं निरनिराळी निघाली."

आमची चूक कोठे झाली? आमच्या मनात भरली होती ती फ्रान्समधील कालवांची हकीकत. 1868 साली पोर्तुगालहून कालवे घेऊन निघालेल्या एका जहाजाने माल नासला असे समजून तो जिरोंद नदीच्या मुखात टाकून दिला. त्यातली जिवंत कालवे तेथे रुजली व शंभर वर्षे नांदली. 1970 च्या सुमारास विषाणूची साथ येऊन ती जवळजवळ नाहीशी झाली. मग जपानच्या मियागी प्रांतातून दुसऱ्या कालवांचे बीज आणले. ते इतके विपुल आणले की मायदेशचे वैविध्यही बरोबर आले. (मौज अशी की, ती 'पोर्तुगीज' कालवेही मूळची आशियातलीच, असे आनुवंशिक तपासणीने पुढे ठरले. गलबतांना चिकटून ती युरोपास गेली असावीत.) पहिले कुळ वैविध्याच्या दारिद्र्याने बुडाले, असे आम्ही वाचलेल्यात कोठेही नव्हते; तो दुवा आम्हीच जोडला.

आणि वैविध्य नसले म्हणून गोगलगायीचे काही अडत नाही. प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही. समागमानंतर बीज अंगात साठवून ती पुढे कित्येक महिने अंडी घालू शकते, आणि एका खेपेस शंभरावर घालते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड लिंपून जमिनीत निजते, पावसाबरोबर उठते. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण रचणारास ही परदेशी गोगलगाय ठाऊक नव्हती, तरी वर्णन तिलाच अधिक शोभते. आनुवंशिक दारिद्र्य भोवते ते साथ आली म्हणजे. ती साथ पन्नास वर्षांनी येईल. सोयाबीन आठवड्यात उगवते.

त्या उजाड वावरात उभे असता आम्हांस आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती सुखाची नव्हती. आमचे सोयाबीन जे.एस. 335, जबलपूरचा वाण, 1994 सालापासून प्रचारात आलेला. शेजाऱ्याचेही तेच, त्याच्या शेजाऱ्याचेही तेच. स्वपरागी पीक, त्यामुळे झाडागणिक जवळपास एकच वंश. खाणारीही सगोत्र आणि खाल्ले जाणारेही सगोत्र! सगोत्र कुळ साथीत बुडते हे खरे असेल, तर आधी बुडणार कोण? पिवळ्या मोझॅकला हा वाण सहज बळी पडतो. गोगलगायीला तसे काही झाल्याचे आमच्या वावरात तरी दिसले नाही.

आता मृग लागला की आम्ही सुटी काढून गावी जातो. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे बांधाच्या कडेने अंथरावयाची, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचावयाच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकावयाच्या. परभणीचे कृषी विद्यापीठही अशाच उपायांचा सल्ला देते. हे काम आम्हांस जमते, कारण त्यात बोलावे लागत नाही. गेल्या पेरणीस बंधूंनी अर्ध्या वावरात जे.एस. 335 आणि अर्ध्यात परभणीचा एमएयूएस 612 टाकला. आम्हांला विचारले नाही.