नंबर जुळतोय का?

परवा जालन्यात भाच्यासाठी जुना मोबाइल बघायला गेलो. दुकानदाराने दोन काढले. एक चकाचक, दुसऱ्याचे कोपरे घासलेले. भाचा अर्थातच पहिल्यावर भाळला.

मी *#०६# दाबलं. १५ आकडी आयएमईआय खोक्यावरच्या नंबराशी जुळेना! "खोकं बदललं असेल, साहेब."

असेलही. पण २०२३ पासून 'संचार साथी'वर हा नंबर तपासता येतो. तपासला, तर काळ्या यादीत! म्हणजे कुणाचा तरी हरवलेला, नाहीतर चोरीला गेलेला.

घासलेल्याचा नंबर जुळला, चार्जिंग-स्पीकरही ठीक निघाले. तोच घेतला. "मामा, तो किती भारी दिसत होता!" म्हणत भाचा घरापर्यंत रुसलेला.

असो. त्याचा रुसवा जाईल. ज्याचा मोबाइल गेला, तो बिचारा अजून हप्ते फेडत असेल का, हे मात्र डोक्यातून जात नाही.