शालीची तिसरी वारी

गाण्याला जाताना काय नेसावं, हा प्रश्न पुरुषांना पडत नाही. आमच्याकडे तर मुळीच नाही. डिसेंबर उजाडला की 'हे' कपाटाच्या तळातून आपला विटकरी स्वेटर काढतात, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून एक दिवस गॅलरीत टांगतात आणि म्हणतात, "झाली माझी तयारी!" वर मला ऐकवतात, "अगं, गाणं कानांनी ऐकायचं असतं."

कबूल. पण बसायचं सगळ्या अंगानं असतं ना! तेही उघड्या मैदानावरच्या मांडवात, सतरंजीवर, दुपारपासून रात्री दहापर्यंत.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला आम्ही वसईहून जातो. वसईकराला थंडीचे कपडे ठाऊक नसतात, ही यातली पहिली अडचण. आमच्याकडे समुद्र इतका जवळ की पौषातसुद्धा पहाटेपुरता पंखा बंद केला की थंडी संपली. आणि पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर सहज उतरतो. बरं, दुपारी तिथंच ऊन असं चटके देतं की अंगावर स्वेटर असेल तर माणूस घामाघूम व्हावा. म्हणजे दुपारी चारला सुती, संध्याकाळी सातला रेशमी आणि रात्री नवाला लोकरी, असे तीन पेहराव एकाच अंगावर एकाच वेळी हवेत. शिवाय हे सगळं आधी विरारच्या लोकलमधून दादरपर्यंत सुखरूप पोचायला हवं. त्या गर्दीत जी साडी टिकते ती कुठंही टिकेल, असं माझं मत आहे.

जुने श्रोते सांगतात की पूर्वी हे असं नव्हतं. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली गेले आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या शिष्यांनी, त्यातही भीमसेन जोशींनी, त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव मांडला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनी तिथं गायला येत. तेव्हा गाणं रात्र रात्र चाले आणि भैरवीबरोबर तांबडं फुटे. लोक अंथरूण-पांघरूण घेऊनच येत; कुणी काय नेसलंय हे पाहायला उजेड तरी कुठं होता! २००० साली ध्वनिक्षेपकांचे नियम आले, दहाची वेळ ठरली, बाराची सवलत एखाद्या दिवसापुरती. गाणं दिवसाउजेडी आलं आणि त्याबरोबर आमच्या साड्याही उजेडात आल्या. पुढं रमणबागेच्या शाळेचं मैदान सुटलं आणि २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या मोठ्या पटांगणावर गेला. पटांगण मोठं, म्हणजे हिंडायला जागा मोठी. दोन गाण्यांच्या मध्ये जी मंडळी खाण्याच्या नि पुस्तकांच्या गाळ्यांवरून फिरतात, त्यांच्याकडे पाहत बसावं. काय ते खादीचे कुडते, काय ती जाकिटं! एखादी पोरगी आजीच्या नऊवारीचा अंगरखा शिवून येते आणि झकास दिसते.

तर मी काय नेसावं? पैठणी म्हणाल, तर पैठणी नेसून पाच तास मांडी घालून बसून पाहा. जर टोचते, निऱ्या फिसकटतात आणि विलंबित आलापीत जरा हललं की अशी सळसळ होते की पुढच्या ओळीतला जाणकार मान वळवून पाहतो. काचेच्या बांगड्यांचंही तेच. कडक खळीची सुती साडी तासाभरात पापडासारखी चुरगळते. हे सगळं अनुभवून मी इरकलीवर येऊन ठेपले. अंग सुती, पदर रेशमी. बसताना सूत, दिसताना रेशीम! शिवाय सवाई गंधर्व धारवाडकडचे, इरकलही त्याच मुलखाकडची, तेव्हा किराणा घराण्याला शोभेलशी, असं एक शास्त्रीय कारणही मी शोधून काढलं. 'हे' त्यावर फक्त "हं" म्हणाले.

पण खरं कारण होत्या माझ्या वन्सं. आम्ही उतरतो त्यांच्याकडेच. त्या मनानं चांगल्या आहेत, पण दर वर्षी दारातच मला आपादमस्तक न्याहाळून म्हणतात, "छान आहे हो. वसईला मिळतं वाटतं असलं?" त्या 'वाटतं'साठी मी अकरा महिने तयारी करते.

आणि म्हणूनच शाल. आमच्या शेजारच्या मावशी वसईच्या जुन्या ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. त्यांच्या सासूबाई शेवटपर्यंत लाल चौकड्यांचं लुगडं नेसत, मावशी स्वतः साधी पाचवारी नेसतात. मुलगा बोटीवर. त्यानं एका सुट्टीत त्यांना काश्मिरी पश्मीना आणून दिली. मोतिया रंग आणि काठाला सुईनं भरलेली बारीक वेल. लडाखच्या पठारावरच्या शेळ्यांच्या अंगची ही लोकर, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. हातात घेतली तर जणू काही घेतलंच नाही, आणि पांघरली तर पुण्याची थंडी काय बिशाद! मावशींना वसईत ती लागणार कधी? नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, एवढंच. म्हणून मी मागितली. त्यांनी दिली. दुसऱ्या वर्षी मागितली, दिली. गेल्या वर्षी मी मागायच्या आधीच त्यांनी ती काढून ठेवली होती. "ने गं बाय," म्हणाल्या, "तिची वाट तिला पाठ झालीय."

गेल्या वर्षीचा दुसरा दिवस. दुपार कलली तशी हवेत शिरशिरी आली. मी शाल पांघरली. पण पांघरल्यावर इरकलीचा पदर झाकला गेला! समोरच्या गाळ्यांपाशी वन्सं त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींबरोबर उभ्या होत्या. मी काय केलं असेल? शाल घडी करून जागा धरायला सतरंजीवर ठेवली आणि पदर सारखा करून तशीच थंडीत निघाले. वन्सं म्हणाल्या, "अय्या, इरकल!" पुढं 'वाटतं' नाही. मैत्रिणींनी पोत चाचपून पाहिला. कॉफी झाली. मी विजयी मुद्रेनं परतले.

पाहते तो माझ्या जागेशेजारी एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे. धोतर, सदरा, कानटोपी. आणि गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत मावशींची पश्मीना! डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजताहेत. मी बसल्याची चाहूल लागली तसे डोळे न उघडताच पुटपुटले, "सूनबाई, शाल ठेवून गेलीस ते बरं केलंस हो. फार गारठलो होतो."

आता सांगा, काय बोलावं? "आजोबा, मी तुमची सून नव्हे, शाल काढा," असं? तेही समेवर? मी 'यां'च्याकडे पाहिलं. ते विटकरी स्वेटरात ऊबदार बसून मला खूण करत होते, "गप्प बस." मी गप्प बसले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. इरकलीचा पदर दिसायला रेशीम, पण थंडीला तो काही ऐकत नाही. गायक पूरिया गात होते की मारवा, यावर एरवी मी 'यां'च्याशी कडाकडा भांडले असते. दोघांचे सूर तेच, वागणूक निराळी. त्या दिवशी मला दोन्ही सारखेच. माझं सगळं लक्ष शालीच्या टोकाकडे होतं. कारण आजोबांनी कमरेची डबी काढली होती आणि तपकीर ओढून बोटं त्या वेलबुट्टीवर पुसली होती. एकदा नव्हे. दर बंदिशीला एकदा.

खरी सून आली ती शेवटच्या गाण्याच्या आधी, औषधाची पिशवी घेऊन. सगळा प्रकार ध्यानात येताच बिचारी लाजेनं अर्धी झाली. आजोबांनी मात्र शाल नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमची होय? मग तुम्ही एवढा वेळ..." आणि पुढं बोललेच नाहीत. नमस्कार केला त्यांनी मला. मी चांगुलपणा केला असं त्यांना वाटलं. मी शाल का काढली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वसईला परत आले ती सर्दी आणि तपकिरीचा डाग घेऊन. लाँड्रीवाला म्हणाला, "डाग फिका पडेल, जाईलसं सांगत नाही." तिकडे नाताळ आठ दिवसांवर. मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि मावशींच्या अंगणातला तारा लागलेला दिसला की दार लावून घ्यायची. शेवटी त्याच आल्या, सुकेळ्यांची पुडी घेऊन. शाल माझ्या पलंगावरच होती, डाग वर करून.

मी सगळं सांगितलं. वन्संसुद्धा सांगितल्या.

मावशींनी शाल उजेडात धरली, वास घेतला आणि हसायलाच लागल्या. "माझ्या बापाच्या कोटाला असाच वास यायचा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या त्या चिमाजी आप्पाच्या माणसांनी आमच्या चर्चच्या घंटा घाटावर नेल्या, त्या काय परत आल्या नाहीत. ही आली ना?"

खरंच आहे. १७३९ मध्ये वसई पडली तेव्हाच्या त्या पोर्तुगीज घंटा अजून नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला वाजतात. मीही हसले. मला वाटलं, सुटले.

पण मावशी जागच्या उठल्या नाहीत. शालीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. चर्चच्या गानवृंदात त्या पस्तीस वर्षं गातात. आमच्या भिंतीला भिंत लागून असल्यामुळं त्यांचा सराव मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला असेल! स्वर पक्का. एकदा तर माझा तानपुऱ्याचा डबा लागलेला असताना त्यांनी खिडकीतून सांगितलं होतं, "बाय, तुझा पंचम उतरलाय." आणि उतरलेलाच होता.

"तर मग," त्यांनी विचारलं, "गाणं कसं झालं?"

मला काही सांगता येईना. सांगण्यासारखं मी ऐकलंच नव्हतं.

"तीनदा गेली ही," शालीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. मोजल्यासारखं म्हणाल्या, "तीनदा."

तीन वर्षांत त्यांना 'येता का' म्हणून विचारावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. शाल मागायला मी त्यांच्या दारात उभी राहत होते, आणि आमच्या दोघांची तिकिटं तेव्हा माझ्या पर्समध्येच असत. मावशी चर्चची गाणी म्हणतात, त्यांना ख्यालात काय रस, असं मी न विचारताच ठरवून टाकलं होतं. की तेवढंही ठरवलं नव्हतं? मला आठवत नाही.

मी म्हटलं, "मावशी, या डिसेंबरात तुम्ही चला. वन्संना सांगते, तिघांची सोय होईल."

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. मिस्साला त्या रात्री तीच शाल पांघरून गेल्या, डाग आतल्या बाजूला घेऊन. होकार आला तो परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मी फराळाचं दळण आणायला निघाले होते. कुंपणापलीकडून त्यांनी हाक मारली. हातात दोन साड्या होत्या आणि खांद्यावर सासूबाईंचं ते लाल चौकड्यांचं लुगडं.

"बाय, थांब जरा," त्या म्हणाल्या, "आता मला सांग, तिथं बसायला यातलं काय बरं?"