खरखरीआडचा स्वर

दिवेआगर, श्रावण. पावसानं उघडीप दिली, तशा तबकड्या काढल्या. खाऱ्या, दमट हवेत त्यांना लगेच बुरशी धरते. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'जमुना के तीर' ही भैरवी आधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर ऐकली, मग पुढे निघालेल्या एलपीवर. एलपीत खरखर कमी, पण ती गाळताना त्या बारीक, टोकदार आवाजाची धारही गेली. तारषड्ज बोथट लागतो, तानपुरा तर जवळजवळ बुजलाच. शिवाय फिरण्याचा वेग जरा चुकला तरी पट्टी बदलते. मग खाँसाहेब नेमके कुठल्या सुरात गायले? १९३७ साली गेलेल्या या गवयाची भैरवी उरली ती अशा तीनेक मिनिटांतच. त्यातलं सफाईपायी काही पुसलं जाऊ नये, असं कळकळीनं वाटतं. मला खरखरीसकट हवेत ते.