चांगल्या घरातल्या मुलीनं वाचलेलं पुस्तक



परवा राणी व्हिक्टोरियाच्या लहानपणाबद्दल वाचत होते. १८३५ साली फॅनी केंबल या इंग्रज नटीची अमेरिकेतली रोजनिशी छापून आली. सोळा वर्षांच्या राजकन्येनं ती वाचली आणि आपल्या डायरीत शेरा मारला. लिहिणारी फार आगाऊ दिसते, वळण नाही, भाषा गावंढळ. एवढी गुणी बाई, पण असलं पुस्तक छापून स्वतःचंच नुकसान करून घेतलं!

मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

कारण व्हिक्टोरियाची डायरी आई वाचत असे. राणी होईपर्यंत ती आईच्याच खोलीत झोपायची, जिना उतरतानाही कुणाचा तरी हात धरावा लागे. अशा डायरीत मुलगी दुसरं काय लिहिणार? फॅनीचं तसं नव्हतं. वडिलांचं थिएटर कर्जात बुडालं म्हणून १८२९ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, ती ज्युलिएट म्हणून उभी राहिली. पुढे वडिलांबरोबर अमेरिकेचा दौरा. तिथले पुरुष कसे जिथे तिथे थुंकतात, हेही तिनं लिहून टाकलं. (आपल्याकडे येऊन बघायला हवं होतं!)

तिचं खरं धाडस पुढचं. लग्न केलं त्या नवऱ्याकडे जॉर्जियातले मळे आले, शेकडो गुलामांसकट. १८३८-३९च्या हिवाळ्यात तिथे राहून, जे पाहिलं ते तिनं लिहून ठेवलं. १८४९ मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुली दुरावल्या. ते लिखाण छापलं गेलं १८६३ मध्ये. आणि १८६८ साली स्वतः राणीनं काय करावं? स्कॉटलंडच्या दिवसांची आपली डायरी छापली, ती हातोहात खपलीही.

हे सगळं मनाला लागलं, कारण असाच शेरा मीही मारला होता. बी.कॉम.ला असताना हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ मैत्रिणीनं आणलं होतं. अकाउंटन्सीच्या पुस्तकात लपवून मी ते दोन रात्रींत संपवलं. जेवताना आईनं विचारलं, काय वाचतेस गं एवढं? मी काही बोलले नाही. पुस्तक परत देताना मैत्रिणीला मात्र ऐकवलं, “शी! चांगल्या घरातल्या मुलींनी वाचण्यासारखं नाही.” तिचा चेहरा पडला. पुन्हा तिनं मला कधी पुस्तक दिलं नाही.

यंदा क्षमावाणीला तिला फोन केला. नेहमीचं “उत्तम क्षमा” झाल्यावर त्या पुस्तकाची आठवण काढली आणि म्हटलं, खरं तर मला ते फार आवडलं होतं.

ती हसत सुटली. म्हणाली, “अगं, पानांवर तुझ्या हळदीचे डाग होते. जेवतानासुद्धा सोडलं नव्हतंस!”