गळ, जिताडा आणि नियत

मुंबईत मासेमारी म्हटलं की ससून डॉक, भाऊचा धक्का नाहीतर वरळीचा कोळीवाडा डोळ्यांसमोर येतो. पण या शहरात मासे धरणारी आणखी एक जमात आहे आणि ती बहुतेक रात्रीच दिसते. इशाची नमाज झाली, दुकानाचं शटर पडलं, की खांद्याला लांबट पिशवी लावून माणसं गिरगाव चौपाटीच्या टोकाला, हाजीअलीजवळ, वरळीच्या कठड्यावर, दादर चौपाटीवर येऊन उभी राहतात. त्यांत टॅक्सीवाले असतात, शिंपी असतात, बँकेतले कारकून असतात, कॉलेजातली पोरं असतात. कुणाच्या हातात प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, तर कुणाकडे शिमानोचं महागडं रीळ. पोटासाठी आलेले त्यात फार थोडे. बाकीचे शौकीन.

कोकणात याला ‘गरवणं’ म्हणतात. आमचं कुटुंब दापोलीकडचं, बिऱ्हाड परळला. मला गरवायला मामूंनी शिकवलं, त्यामुळे हा शौक मला घरातूनच मिळाला. त्या शौकाबद्दल आज लिहितोय, कारण गेली दोन वर्षं एक प्रश्न माझ्यामागे लागला आहे. तो प्रश्न मासे धरण्याचा आहे, तसाच दीनचाही आहे.

आधी माशाविषयी. मुंबईच्या किनाऱ्यावर गळाला शिंगाळा लागतो, ढोमा लागतो, वाम लागते, नशीब असेल तर तांब किंवा हेकरू. पण शौकिनाचं खरं स्वप्न एकच: जिताडा. रत्नागिरीकडे त्याला खजुरा म्हणतात, गोव्यात चोणक, बंगालमध्ये भेटकी. ऑस्ट्रेलियात तोच बारामंडी आणि इंग्रजी पुस्तकांत एशियन सी-बास. अमेरिकेतले लोक ज्या ‘बास’साठी वेडे होतात तो गोड्या पाण्यातला निराळाच मासा आहे. आपला बास म्हणजे जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीतली त्याची पिल्लं तळ्यात सोडून वाढवतात. अडलेलं काम सोडवायचं असेल तर साहेबाच्या घरी जिताडा पोचवावा, असं तिकडे गमतीनं म्हणतात.

जिताडा पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. पुलाचा खांब, खडकाची कपार, तिवराची मुळं, असा आडोसा धरून तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. बोईटाचं पिल्लू किंवा कोळंबी समोरून गेली की मोठं तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. म्हणून आमिष लांब फेकण्यापेक्षा आडोशाच्या जवळून नेणं महत्त्वाचं. मामू जिवंत कोळंबी लावायचे. आम्ही आता नकली आमिष वापरतो: लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा, नाहीतर शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्यावर चढवलेलं शेपटी हलवणारं मऊ रबर. काठी आठ-नऊ फुटांची, रीळ मधल्या आकाराचं, त्यावर वेणीसारखी विणलेली बारीक पण मजबूत दोरी. शेवटचा हातभर तुकडा मात्र जाड तंगुशीचा लागतो. जिताड्याच्या गालफडाच्या कडा धारदार असतात, त्या बारीक दोरी कापून टाकतात. मासा लागला की तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. त्या वेळी काठीचं टोक खाली घेतलं नाही तर गळ सुटतो.

सामानापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी. भरती-ओहोटी बदलताना, पाणी चालायला लागलं की जिताडा खायला निघतो. कोळी बांधव भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. आमचा हिजरी महिनाही चंद्राचाच. फक्त तो चाँद दिसल्यावर सुरू होतो, म्हणून तिथीच्या साधारण एक दिवस मागे असतो. मामू हिजरी तारखेत एक मिळवायचे आणि कोळ्यांचा हिशेब लावायचे. तीन तारीख असेल तर चार, म्हणजे तीन वाजता भरती. चौदावीच्या पुढे गेलं की चौदा वजा करायचे. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, पण चालतं. शब-ए-बरातच्या रात्री उधाण असणार हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यासाठी कुणाला तक्ता बघावा लागत नव्हता.

आता प्रश्नाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी हौशी लोकांच्या एका गटाने किनाऱ्यावर छोटी स्पर्धा भरवली. नियम बाहेरून आलेले होते. अमेरिकेत रे स्कॉट नावाच्या माणसाने 1968 मध्ये बास धरणाऱ्यांची संघटना काढली आणि स्पर्धांचं मोठं प्रस्थ उभं केलं. मासे मारले जातात अशी ओरड झाल्यावर 1972 पासून त्याने मासे जिवंत सोडायची प्रथा रुजवली. आमच्याकडेही तेच. फक्त नकली आमिष, मासा मोजपट्टीवर ठेवायचा, शेजारी आपला बिल्ला ठेवून फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात. ज्याच्या माशांची एकूण लांबी जास्त तो जिंकला.

भरतीच्या आधीपासून ओहोटी लागेपर्यंत आम्ही उभे होतो. जिताडा सगळ्यांत मिळून एकच लागला, 61 सेंटिमीटरचा. तो धरला कोळीवाड्यातल्या एका तरुणाने. फोटो झाला, मासा पाण्यात गेला, टाळ्या वाजल्या. तो पोरगा हसत म्हणाला, “हे आईला सांगू नका, घरात घेणार नाही.” माझ्या शेजारच्याने एक तांब धरली होती. तिचा फोटो नीट येईना म्हणून तिला तीन वेळा पट्टीवर ठेवलं. सोडल्यावर ती उलटी झाली आणि तरंगत राहिली. मदनपुऱ्याचा माझा हनफी मित्र सोबत होता. तो म्हणाला, “आता ही आमच्या कामाची नाही.” आपोआप मरून तरंगणारा मासा हनफी खात नाहीत. आम्ही कोकणी शाफई, आम्हाला तो चालतो. यावरून आमची नेहमीची थट्टा चालते. पण त्या दिवशी ती तांब ना आमच्या पोटात गेली, ना समुद्रात जगली.

घरी येऊन नानीला सगळं सांगितलं. लालबागच्या मसाला गल्लीतून कुटून आणलेला मसाला ती बरणीत भरत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “खायचा नव्हता तर धरला कशाला त्याला?”

मी आलिम नाही आणि इथे फतवा देत नाही. पण जे ठाऊक आहे ते असं: कुरआनात, सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत, समुद्राची शिकार आणि समुद्राचं अन्न हलाल ठरवलं आहे. हाजी एहराममध्ये असताना त्याला जमिनीवरची शिकार मना आहे, समुद्रातली नाही. माशाला जबीहाची अटही नाही. म्हणजे समुद्राच्या बाबतीत आपल्याला फार मोठी सूट मिळाली आहे. पण ती अन्नासाठी आहे. दुसरीकडे सहीह मुस्लिममधली हदीस आहे की कुठल्याही जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करू नका. काही पोरं कोंबडी बांधून तिच्यावर बाण मारत होती, तेव्हा इब्न उमर यांनी त्यांना याच कारणाने हटकलं होतं. आजचे बरेच मुफ्ती निव्वळ मजेसाठी मासा धरून सोडणं नापसंत करतात ते याच आधारावर. माशाला त्रास झाला आणि त्या त्रासातून कुणाचं पोट भरलं नाही.

नानीला हे दाखले माहीत नव्हते, पण तिचा प्रश्न नेमका तोच होता.

तरीही मासा सोडणं चुकीचं असं सरळ म्हणता येत नाही, आणि याचं कारण जिताड्याच्या शरीरातच आहे. जिताडा जन्माला येतो तो बहुधा नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक जिताडे माद्या असतात. पावसाळ्याच्या सुमारास त्या खाडीच्या तोंडाशी येऊन लाखोंनी अंडी घालतात. म्हणजे ज्या माशासोबत फोटो काढावा असं प्रत्येकाला वाटतं, ती त्या खाडीतली आई असते. तिला मारलं तर पुढची पिढीच कमी होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर 58 सेंटिमीटरपेक्षा लहान आणि 120 पेक्षा मोठा बारामंडी ठेवता येत नाही, तो सोडावाच लागतो. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवले. पिल्लू धरू नये हे आता कायद्याने मान्य केलं आहे. आई धरू नये हे अजून आपल्या डोक्यात शिरायचं आहे.

म्हणजे सोडणं दोन प्रकारचं आहे. एक, धरतानाच सोडायचं ठरवलेलं, कारण धरणं हाच खेळ. दुसरं, खाण्यासाठी गळ टाकला आणि हाती पिल्लू आलं किंवा पोटुशी मादी आली, म्हणून सोडलं. मासा दोन्ही वेळा पाण्यातच जातो, बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. फरक नियतीचा आहे, आणि अमल नियतीवर तोलला जातो हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात.

मात्र नियत आतून कितीही साफ असली तरी ती हातातून दिसली पाहिजे. म्हणून मी काही गोष्टी ठरवल्या. नकली माशाला तीन टोकांचे दोन-दोन गळ येतात, ते काढून एकेरी गळ लावतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करतो, म्हणजे तो न फाडता निघतो. दोरी बारीक घेऊन मासा उगाच दमवत बसत नाही. सोडायचा असेल तर ओल्या हाताने धरतो, पोटाखाली आधार देतो, मोठ्या माशाला जबड्याने लटकवत नाही. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरतो आणि त्याने स्वतः शेपटी मारली की हात काढतो. फोटो जमला तर पाण्यातच. घरासाठी एक मासा मिळाला की काठी बांधून ठेवतो. आणि 1 जूनला यांत्रिक बोटी बंद होतात तेव्हा माझीही काठी माळ्यावर जाते. ती बंदी काठीवाल्यांना लागू नाही. पण कोळी घरी बसलेला असताना, खाडीच्या तोंडाशी माद्या आलेल्या असताना, मी तिथे गळ टाकणं मला पटत नाही. या पाण्यावर पहिला हक्क त्यांचा आहे. कोस्टल रोडच्या वेळी वरळीच्या कोळ्यांनी लढून आपल्या होड्यांच्या वाटेतल्या खांबांमधलं अंतर 60 वरून 120 मीटर करून घेतलं. ज्यांना त्या पाण्यातून रोज जायचं असतं तेच असं लढतात. आम्ही शनिवारच्या रात्रीचे पाहुणे.

सगळ्यात जड गेली ती एक गोष्ट. या भागात जिताड्यासाठी माहीमच्या खाडीचं तोंड उत्तम, हे कुठलाही गरवणारा सांगेल. पूल आहे, तिवरं आहेत, चालतं पाणी आहे. पण ते पाणी मिठी नदीचं आहे आणि मिठीत काय काय वाहून येतं ते मुंबईकराला सांगायला नको. तिथला मासा मी नानीच्या तव्यावर ठेवणार नाही. मग तिथे गळ टाकताना माझी नियत खाण्याची आहे असं मी कुणाला सांगू? जिथला मासा घरी न्यायचा नाही तिथे काठी उघडायची नाही, हा हिशेब एकदा मान्य केला की माहीम आपोआप बाद होतं. मी तिथे जाणं बंद केलं. मित्र अजून जातात, मोठे जिताडे धरतात, फोटो पाठवतात. बघून हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू.

स्पर्धांना माझा विरोध नाही. त्यातून पोरं पाणी वाचायला शिकतात, कोळीवाड्यातला मुलगा आणि मदनपुऱ्यातला मुलगा एका खडकावर तीन तास शेजारी उभे राहतात, हे या शहरात कमी नाही. पण नियम आपले असावेत. सर्वांत मोठ्या माशाला बक्षीस देऊ नये. मधल्या आकाराचा एक मासा प्रत्येकाने ठेवावा आणि घरी न्यावा, बाकी पाण्यातच मोजून सोडावेत. एकेरी गळ सक्तीचा असावा. मासा उलटा तरंगला तर त्या माणसाचे गुण कापावेत. गेल्या वर्षी मी हे आयोजकांना सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या माशाशिवाय लोक येणार नाहीत. असेलही.

यंदा पुन्हा बोलावणं आलं आहे. तारीख हिजरी महिन्याची सतरावी. तिथी तिसरी धरली, तर भरती सव्वादोनला. मी कळवलं आहे की मी येईन, पट्टी धरायला आणि मासे नीट सोडायला मदत करीन. माझी काठी मात्र आदल्या रात्री वरळीला निघेल. नानीने मसाला काढून ठेवायचं कबूल केलं आहे.