वाळवंटाच्या उंबरठ्यावरचा वसंत

दिल्ली म्हटले की लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट आणि चांदणी चौकातली खरेदी डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रातून जाणारी बहुतेक कुटुंबे दोन दिवसांत हे सारे उरकतात आणि आग्र्याची नाहीतर मनालीची वाट धरतात. ज्या जमिनीवर ही राजधानी उभी आहे, ती जमीन मात्र पाहायची राहूनच जाते. मेहरौली ओलांडून गुरुग्राम किंवा फरिदाबादच्या बाजूला सरकले, की उंच इमारतींच्या मधूनच करड्या-तांबूस खडकांच्या बुटक्या टेकड्या दिसू लागतात. त्यांच्यावर काटेरी झुडपे, पायथ्याला भुरी माती आणि वाऱ्याबरोबर उडणारी बारीक धूळ. राजस्थानचे वाळवंट इथून दूर असले, तरी त्याचा उंबरठा हाच.

आकडा पाहिला तर दिल्लीचा वर्षाचा पाऊस जवळजवळ पुण्याइतकाच भरतो. पण त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो. नंतर कडाक्याची थंडी आणि एप्रिल सरता सरता पश्चिमेकडून येणारी भाजून काढणारी ‘लू’. या दोहोंच्या मध्ये, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जेमतेम दीड महिन्याचा वसंत असतो. या दीड महिन्यात इथली माणसे, झाडे, पशू आणि पक्षी सगळेच घाईत असतात. पुढे येणाऱ्या उन्हाळ्याची तयारी सगळ्यांनाच करायची असते.

रजया आत, कूलर बाहेर

या तयारीची सुरुवात घरातून होते. होळी जवळ आली की गच्च्यांवर आणि अंगणातल्या खाटांवर रजया पसरलेल्या दिसतात. दोन-चार दिवस कडक ऊन दाखवून, डांबराच्या गोळ्या किंवा कडुनिंबाचा पाला घालून त्या लोखंडी पेट्यांत जातात. माळ्यावरचे कूलर खाली येतात. त्यांच्या बाजूंच्या जाळ्यांत नवे गवत किंवा वाळा भरला जातो. नवे माठ विकत घेतले जातात. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या जातात, कारण एप्रिल-मेमध्ये धुळीचे वादळ आले की घरातल्या ताटवाट्यांवरही मातीचा थर बसतो.

गुरुग्रामपासून फर्रुखनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांत हीच लगबग वेगळ्या रूपात दिसते. मार्चमध्ये मोहरीची कापणी होते, एप्रिलमध्ये गव्हाची. रिकाम्या जागी गोवऱ्यांचे उंच ढीग रचून वरून शेणामातीने लिंपतात. त्यांना ‘बिटौडे’ म्हणतात. पावसाळ्यातले इंधन असे कोरडे राहते. गावच्या तळ्याला ‘जोहड’ म्हणतात. वसंतात त्याचे पाणी हळूहळू मागे सरकू लागते. म्हशींना डुंबायला अजून पुरेसे पाणी असते, पण काठावरची चिखलाची पट्टी रोज थोडी रुंदावते आणि पुढचे दिवस कसे जाणार याचा अंदाज जाणत्यांना त्यावरूनच येतो.

मराठी माणसाला गंमत वाटावी अशी एक गोष्ट इथल्या झाडांची. आपल्या मनात वसंत म्हणजे पालवी. दिल्लीत मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर पिवळ्या पानांचा सडा असतो. कडुनिंब ऐन वसंतात जुनी पाने टाकतो आणि लगोलग तांबूस कोवळा पाला धरतो. त्यामुळे राजधानीत स्थायिक झालेल्या मराठी घरांना गुढीपाडव्याला गुढीसाठी आणि प्रसादासाठी अगदी ताजा पाला मिळतो.

ऋतूचे जेवण

स्वयंपाकघरही बदलते. थंडीभर चाललेली बाजरीची भाकरी, मोहरीच्या पाल्याचे साग, चाकवताची कोशिंबीर आणि गाजराचा हलवा आता निरोप घेतात. काळी गाजरे मोहरीच्या पुडीबरोबर पाण्यात आंबवून केलेली आंबटतिखट कांजी होळीच्या सुमारास घरोघरी असते. सोबत खव्याची गुजिया, म्हणजे आपली करंजीच.

होळीनंतर आठव्या दिवसाच्या आसपास ‘बासोडा’ येतो. या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या रात्री केलेला गोड भात, पुऱ्या, गुलगुले यांचा नैवेद्य शीतलामातेला दाखवून घरातल्यांनी तेच थंड अन्न खायचे. गुरुग्रामच्या शीतलामाता मंदिरात त्या सुमारास मोठी गर्दी लोटते. आपल्याकडे शीतला सप्तमी श्रावणात येते, इथे ती उन्हाळ्याच्या तोंडावर. घरातल्या वडीलधाऱ्या बायका याचा साधा अर्थ सांगतात: शिळे अन्न खाण्याचा हा वर्षातला शेवटचा दिवस, यापुढे उन्हाने ते टिकणार नाही.

रानही या स्वयंपाकात वाटा उचलते. टेकड्यांवर ‘करीर’ किंवा ‘कैर’ नावाचे बिनपानांचे झुडूप असते. वसंतात त्यावर विटकरी-लाल फुले येतात आणि पुढे बोराएवढी हिरवी फळे धरतात. ती कडू असतात. म्हणून काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून कडूपणा काढतात आणि मग लोणचे घालतात. ब्रज आणि हरियाणात हे ‘टेंटी’चे लोणचे म्हणून ओळखले जाते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या शमीच्या शेंगा, म्हणजे ‘सांगरी’, वाळवून ठेवतात. भाजीपाला दुर्मीळ होणाऱ्या दिवसांची ही बेगमी.

अंगणातले पाहुणे

या पट्ट्यात वन्यजीव पाहायला दर वेळी जंगलात जावे लागत नाही. अंगणाच्या भिंतीवर मोर येऊन बसतो. पावसाळ्यानंतर गळालेला त्याचा पिसारा वसंतात पुन्हा भरलेला असतो. शेवग्याच्या आणि सावरीच्या फुलांवर इवलासा सूर्यपक्षी येतो. थंडीतला त्याचा मळकट वेश जाऊन आता निळाजांभळा रंग चमकू लागलेला असतो. जुन्या झाडांच्या ढोलीत राखी धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला घास भरवत राहतो. हे दृश्य नवी दिल्लीच्या मोठ्या झाडांच्या रस्त्यांवरही दिसते.

टिटवी मार्चपासून उघड्या जमिनीवर, कधी सपाट गच्चीवरही, खड्यांच्या मधोमध अंडी घालते. आपल्याकडे टिटवीचे ओरडणे अशुभ मानतात. इकडे राजस्थानच्या बाजूला मात्र तिने उंचावर अंडी घातली, तर पाऊस चांगला होणार असे समजतात.

पळस फुलला की गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी थव्याने उतरतात. मराठीत त्यांना भोरडी किंवा पळसमैना म्हणतात. हिवाळा दक्षिणेत, महाराष्ट्राच्या ज्वारीच्या शेतांतही काढून हे थवे मध्य आशियाकडे परतत असतात. सोलापूरच्या आकाशात दिसलेला थवा दिल्लीच्या पळसावर थांबला असेल, ही कल्पना मुलांना नक्कीच आवडेल.

सगळेच पाहुणे हवेसे नसतात. नीलगाईंचा कळप रात्रीतून गव्हाचे शेत तुडवून जातो. कापणीच्या आधीचे आठवडे शेतकरी मचाणावर बसून, डबे वाजवून रात्री काढतात. नीलगाय पाहून शहरातली मुले टाळ्या पिटतात, पण ज्याचे वर्षाचे पीक उभे आहे त्याची झोप उडालेली असते. या भूमीवर माणूस आणि रानाचा शेजार असा आहे. त्यात गोडवा आहे आणि कुरबूरही आहे.

डोंगरांची भिंत

हा शेजार टिकून आहे तो अरवलीमुळे. गुजरातपासून सुरू होऊन राजस्थान, हरियाणा ओलांडत सुमारे ७०० किलोमीटर आलेली ही जगातल्या अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक रांग दिल्लीत ‘रिज’ म्हणून संपते. उंची फारशी नाही, पण पश्चिमेची वाळू आणि गरम वारे अडवायला आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवायला तिचा आधार आहे.

तिचे लचकेही खूप तोडले गेले. दिल्लीची घरे बांधायला लागणारी लाल बजरी आणि दगड याच टेकड्यांतून निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ साली दिलेल्या आदेशांनी दिल्लीलगतच्या हरियाणातल्या खाणी थांबल्या. राजस्थानात पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे २०१८ साली याच न्यायालयापुढे आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर उंच असेल तीच अरवली, अशी व्याख्या न्यायालयाने स्वीकारली. दिल्लीजवळच्या बुटक्या टेकड्यांचे मग काय, असा प्रश्न उभा राहिला, लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबरअखेर त्याच न्यायालयाने तो निर्णय स्थगित ठेवला.

तोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही, पण जखम भरू शकते. याची तीन उदाहरणे दिल्लीच्या आसपासच आहेत.

पहिले असोला-भट्टी अभयारण्य. दक्षिण दिल्लीतल्या या सुमारे ३२ चौरस किलोमीटरच्या रानाला १९८६ आणि १९९१ साली टप्प्याटप्प्याने संरक्षण मिळाले. भट्टीच्या जुन्या खाणींत आज निळेशार पाणी साठले आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथे निसर्गशिक्षणाचे केंद्र चालवले आणि शेकडो फुलपाखरे आकर्षित करणारी झाडे लावली. अलीकडच्या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांत बिबट्याही टिपला गेला आहे. सव्वा-दीड कोटीहून अधिक वस्तीच्या शहराच्या हद्दीत बिबट्या राहतो, हे बोरिवलीकरांना नवे वाटणार नाही!

दुसरे उदाहरण गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान. ही पूर्वीची खाणच. २०१० पासून नागरिकांनी पुढाकार घेऊन इथे बाहेरची शोभेची झाडे न लावता अरवलीचीच झाडे रुजवली. यात एक अडथळा होता, ‘विलायती कीकर’. आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो ती. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ इंग्रजांच्या काळात रिजवर आली आणि तिने देशी झाडांना जागाच ठेवली नाही. ती हटवून धौ, पळस, सालई अशी झाडे आणली गेली.

तिसरे मंगर बनी. मंगर, बंधवाडी, बलियावास या गावांच्या मधली ही देवराई. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी इथले गुर्जर समाजाचे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या फांदीही तोडत नाहीत. त्यामुळे आपल्या धावड्याच्या कुळातल्या धौ वृक्षाचे दाट रान इथे शिल्लक राहिले. अरवली मुळात कशी होती, ते पाहायला अभ्यासक आज इथेच येतात. जवळच्या खडकांवर प्राचीन चित्रेही सापडली आहेत. कुऱ्हाड न उचलण्याचा गावाचा शब्द इथे सर्वांत जुना कायदा ठरला.

सुलतानपूरचे तळे

गुरुग्रामपासून सुमारे १५ किलोमीटरवर सुलतानपूर आहे. या भागातल्या विहिरींचे पाणी खारे. त्यापासून इथे पूर्वी मीठ बनवत. खोलगट जागेत पावसाचे पाणी साठे आणि त्यावर पक्षी उतरत. दिल्लीत राहणारे ब्रिटिश पत्रकार पीटर जॅक्सन यांनी १९७० च्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधींकडे या तळ्याच्या रक्षणाचा आग्रह धरला. १९७१ साली ते अभयारण्य झाले, पुढे राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ साली रामसर स्थळ. क्षेत्र जेमतेम दीड चौरस किलोमीटर, म्हणजे एका सकाळीत सहज फिरून होण्यासारखे.

फेब्रुवारीत इथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस दिसतात. हे हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. मार्च सरता सरता तळे रिकामे होऊ लागते. सारसाची जोडी मात्र इथलीच. महाराष्ट्रात सारस पाहायला गोंदिया गाठावे लागते.

सहलीचा बेत असा आखा

आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात असते आणि नेमकी तीच वेळ या भागासाठी सर्वांत वाईट. पारा ४५ अंशांकडे झेपावतो आणि उन्हाळ्यात विणीच्या काळासाठी सुलतानपूरही काही महिने बंद ठेवतात. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ निवडा. परीक्षांची अडचण असेल तर महाशिवरात्रीला जोडून तीन दिवसही पुरतात.

पहिल्या दिवशी सकाळी असोला. प्रवेश तुघलकाबादजवळच्या कर्णीसिंह नेमबाजी केंद्राच्या बाजूने आहे. दुपारी राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान पाहता येईल. दरवर्षी याच दिवसांत ते लोकांसाठी उघडते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून सूर्य वर येण्याआधी सुलतानपूर गाठा. ते मंगळवारी बंद असते, निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या. तिथून पुढे फर्रुखनगरचा अठराव्या शतकातला शीशमहाल आणि बारव पाहून परता. संध्याकाळी जैवविविधता उद्यान. मेट्रोचे गुरु द्रोणाचार्य स्थानक त्याच्या जवळ आहे. तिसरा दिवस परतीच्या वाटेवर भरतपूरला द्या. कोटामार्गे मुंबईकडे येणाऱ्या अनेक गाड्या तिथे थांबतात आणि केवलादेव उद्यानात सायकलरिक्षावाले पक्ष्यांची नावे सांगत फिरवतात.

मळखाऊ रंगाचे कपडे, टोपी, भरपूर पाणी आणि जमल्यास दुर्बीण एवढे बरोबर असावे. पहाटे स्वेटर लागेल, दुपारी नकोसा होईल. मंगर बनीला जायचे असेल तर स्थानिक जाणकाराबरोबरच जा, चप्पल-बूट कुठे काढायचे ते गावकऱ्यांना विचारा आणि तिथले एक पानही खिशात घालून आणू नका.